युद्धाआधीच्या ज्यू घरांची रिळं आणि आपल्या माळ्यावरचा डबा

ऑगस्ट १९३८ मध्ये न्यूयॉर्कचे डेव्हिड कुर्ट्झ युरोपच्या सहलीवर असताना पोलंडमधल्या नाशेल्स्क या आपल्या जन्मगावी जाऊन आले. सोबत १६ मिमीचा कॅमेरा होता. सहलीच्या चित्रणात या गावाच्या वाट्याला जेमतेम तीन मिनिटं आली, काही रंगीत, काही कृष्णधवल. पोरं लेन्ससमोर धक्काबुक्की करतात, प्रार्थनामंदिराच्या दारातून माणसं बाहेर पडतात, कुणीतरी खिडकीतून डोकावतं. गावात तेव्हा सुमारे तीन हजार ज्यू राहत होते. ३ डिसेंबर १९३९ ला जर्मनांनी त्यांना गावातून हाकललं. युद्ध संपेपर्यंत त्यांच्यातले शंभरसुद्धा जिवंत राहिले नाहीत.

२००९ मध्ये नातू ग्लेन कुर्ट्झ यांना ते रीळ फ्लोरिडातल्या घरच्या कपाटात सापडलं. फिल्म आखडलेली, वाकलेली, थर एकमेकांना चिकटलेले. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट स्मृती संग्रहालयाने ती जाणकार प्रयोगशाळेकडून वाचवून घेतली, म्हणून आज ती पाहता येते.

अशा रिळांत कॅमेरा धरणाऱ्याला जे टिपायचं होतं ते बहुतेक वेळा साधंच असतं: बायको, मेव्हणा, आपण उतरलो ते हॉटेल. मोलाचं असतं ते कडेला आलेलं. दारात उभी शेजारीण, मागची पाटी, चौकटीत अर्धाच आलेला मुलगा. ॲन फ्रँकचं एकमेव चलत्चित्र असंच उरलं आहे. २२ जुलै १९४१ ला ॲमस्टरडॅममध्ये शेजारच्या घरच्या लग्नाचं चित्रण चालू होतं आणि ती गच्चीवजा खिडकीतून वाकून नवरीला पाहत होती. काही सेकंदांचं ते दृश्य दुसऱ्याच कुटुंबाच्या रिळात आहे. पुढची सगळी हाताळणी या एका गोष्टीभोवती फिरते: कडा जपायच्या, आणि कडेच्या माणसांची नावं लावायची.

हा विषय बडोद्याला परका नाही. बर्लिनचे कलेतिहासकार एर्न्स्ट कोन-वीनर यांचं काम १९३३ मध्ये ज्यू म्हणून गेलं, आणि १९३४ मध्ये सयाजीराव महाराजांनी त्यांना इथे संग्रहालयाच्या कामावर आणलं. १९३९ पर्यंत ते बडोद्यात होते. शिवाय दांडिया बाजार, रावपुरा, वाडी इथल्या मराठी घरांत संस्थानी नोकरीच्या काळातली जी रिळं पडून आहेत, त्यांची मापं तीच, रसायन तेच, कंपन्याही त्याच. नाशेल्स्कच्या रिळाला जे झालं ते माळ्यावरच्या डब्यात आत्ता चालू असेल.

कॅमेरा कुणाच्या हातात होता

कोडॅकने १६ मिमी १९२३ मध्ये आणलं तेव्हा कॅमेरा, प्रोजेक्टर, तिवई, पडदा मिळून संचाची किंमत ३३५ डॉलर होती. म्हणजे तो श्रीमंतांचा छंद. १९३२ मध्ये ८ मिमी आलं आणि कॅमेरा साडेएकोणतीस डॉलरला मिळू लागला. फ्रान्सच्या पाथेने १९२२ च्या शेवटी ९.५ मिमी काढलं, ते युरोपभर मध्यमवर्गात चाललं. पूर्व युरोपातल्या लहान गावांचं बरंचसं चित्रण अमेरिकेहून भेटीला आलेल्या नातलगांनी केलेलं आहे, कारण गावात कॅमेरा परवडणारे फार थोडे. न्यूयॉर्कमध्ये एकेका गावच्या लोकांची मंडळं होती; परत गेल्यावर ही रिळं तिथे दाखवली जायची. बर्लिन, व्हिएन्ना, प्राग, ॲमस्टरडॅमच्या सुखवस्तू ज्यू घरांत मात्र स्वतःचे कॅमेरे होते. तिथल्या रिळांत वाढदिवस, बर्फावरची घसरगुंडी, समुद्रकिनारा, आजोबांची बाग असं सगळं सापडतं.

ही फिल्म बहुधा रिव्हर्सल जातीची. कॅमेऱ्यात जी पट्टी जाते तीच धुऊन पडद्यावर दाखवायची. निगेटिव्ह नसतं. म्हणजे हातातलं रीळ हीच मूळ प्रत आणि बहुधा एकुलती प्रत. १९४१ च्या अखेरीस जर्मनीतल्या ज्यूंकडून कॅमेरे काढून घेतले गेले. जी रिळं वाचली ती आधीच परदेशी गेलेल्यांच्या सामानातून, किंवा शेजाऱ्यांकडे ठेवायला दिली होती म्हणून.

काय दिसतं, काय दिसत नाही

इथे थोडं थांबायला हवं, कारण तारीख लावण्याचं अर्धं काम इथेच होतं. धर्म पाळणाऱ्या ज्यू घरात शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत कॅमेरा चालवत नाहीत. मोठ्या सणांच्या मुख्य दिवशीही नाही. त्यामुळे शब्बाथचं, म्हणजे या साप्ताहिक विश्रांतीच्या दिवसाचं जेवण, योम किप्पूर या उपवासाच्या दिवसाची प्रार्थना, वल्हांडण सणाच्या पहिल्या रात्रीचं पान हे अशा घरांच्या रिळांत नसतं. असलंच, तर एक तर घर फारसं पाळणारं नव्हतं, किंवा दिवस मावळायच्या आत मुद्दाम मांडामांड करून घेतलेलं. लग्न शनिवारी होत नाही, म्हणून त्याचं चित्रण चालतं. पुरीम आणि हनुक्का या सणांना काम वर्ज्य नाही, म्हणून पुरीमची सोंगं घेतलेली मुलं वारंवार दिसतात. मांडवाच्या सणात, म्हणजे सुक्कोथमध्ये, मधल्या दिवसांत कॅमेरा चालतो. अंगणातली फांद्यांनी शाकारलेली झोपडी दिसली तर दिवस सप्टेंबर-ऑक्टोबरचे.

मराठी माणसाला हे पंचांग लवकर कळतं. महिने चांद्र, आणि एकोणीस वर्षांत सात वेळा अधिक मास. पुरीम पौर्णिमेला टेकून येतो, आणि बहुतेक वर्षी तीच पौर्णिमा फाल्गुनाची असते: २०२५ मध्ये १३ मार्चला होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम लागला. अधिक मास दोन्हीकडे एकाच वर्षी पडला नाही, की महिन्याचा फरक पडतो. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएल, पुरीमला होळीचा सणच म्हणत. त्यांच्या घरचं रीळ हाती आलं तर युरोपच्या खुणा शोधत बसू नका. तिथे मलिद्याचं ताट दिसेल: पोहे, खोबरं, फळं, आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचं नाव घेऊन केलेली प्रार्थना. नवरीच्या हातावर मेंदी दिसेल. आडनावं गावावरून पडलेली, शेवटी ‘कर’. गुजरातेत त्यांचं प्रार्थनामंदिर अहमदाबादेत आहे, १९३४ चं मागेन अब्राहम. त्याचा दर्शनी भाग चौकटीत दिसला तर चित्रण त्याआधीचं असूच शकत नाही.

चित्र आरशातल्यासारखं उलटं आलं आहे का, हे आधी ठरवा. पाटीवरची अक्षरं हा सरळ पुरावा, पण हिब्रू उजवीकडून डावीकडे जाते आणि न येणाऱ्याला उलटसुलट कळत नाही. मग दार पाहा. ज्यू घराच्या चौकटीवर मेझुझा नावाची छोटी तिरपी डबी असते, आत शिरताना उजव्या हाताला, वरच्या तिसऱ्या हिश्शात. बाहेरून पाहताना ती डावीकडे दिसली, की चित्र उलटं. कोटाच्या गुंड्यांवर मात्र विसंबू नका. पुरुषांच्या कोटाची डावी बाजू सहसा वर येते, पण हसीद या कर्मठ ज्यू पंथाचे लोक मुद्दाम उजवी बाजू वर घेतात. बडोद्यातही हाच घोळ होतो. मराठी पदर डाव्या खांद्यावर, गुजराती पदर उजव्या खांद्यावरून पुढे. एकाच समारंभात दोन्ही दिसतात. एका बाईच्या पदरावरून अख्खं रीळ उलटवलं तर शहरातल्या सगळ्या पाट्या उलट्या होतील.

प्रोजेक्टर लावू नका

रीळ सापडलं की घरात उत्साह येतो, कुणाकडे तरी जुना प्रोजेक्टर असतो, भिंतीवर चादर बांधली जाते. ऐंशी-नव्वद वर्षं जुन्या फिल्मचा बहुतेक नाश याच संध्याकाळी होतो. आखडलेल्या फिल्मची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांशी जुळत नाहीत; दाते भोकं फाडत जातात, आणि अडकलेली चौकट दिव्यापुढे वितळते. भिंतीवरचं चित्र मोबाइलने टिपून ‘डिजिटल’ करून देणारेही आहेत. त्यात लुकलुक येते, मधोमध पांढरा डाग येतो, कडा जातात आणि मूळ फिल्मही दुखावते.

आधी माप ओळखा. भोकं दोन चौकटींच्या मधोमध, पट्टीच्या मध्यावर असतील तर ९.५ मिमी. दोन्ही कडांना भोकं असतील तर १६ मिमी, मूकपट. एकाच कडेला भोकं, बोटभरापेक्षा अरुंद पट्टी आणि भोक दोन चौकटींच्या सीमेवर, तर साधं ८ मिमी. भोक लहान आणि चौकटीच्या मध्यावर असेल तर सुपर ८, म्हणजे १९६५ नंतरचं. युद्धाआधीचा प्रश्नच मिटला. १६ मिमी रुंद पट्टीवर चार-चार चिमुकली चित्रं, त्यातली अर्धी डोक्यावर उभी दिसली तर घाबरू नका. ८ मिमीची फिल्म १६ रुंदीत दोनदा फिरवून मग उभी चिरायची असे. ती चिरायची राहून गेली आहे. आता चिरू नका, तशीच स्कॅन होते.

या तिन्ही मापांची फिल्म जवळपास सगळी ॲसिटेटची, ज्वालाग्राही नायट्रेटची नव्हे. ३५ मिमी निघालं तर गोष्ट वेगळी: ते नायट्रेट असू शकतं, घरात उघडू नका, थेट जाणकारांकडे द्या.

ॲसिटेटचा रोग म्हणजे आंबट वास. दमटपणा आणि उष्णता यांनी फिल्मच्या पायाचं विघटन होतं आणि व्हिनेगरमधलंच आम्ल सुटतं. ते आम्ल विघटनाला आणखी वेग देतं, म्हणून एकदा मर्यादा ओलांडली की वेग झपाट्याने वाढतो. साधारण २१ अंश आणि ५० टक्के आर्द्रतेला ताज्या फिल्मला रोग लागायला चाळीसेक वर्षं लागतात. बडोद्यात मे महिन्यात पत्र्याखालचा माळा याच्या कितीतरी वर तापतो आणि जुलैत भिंती ओल धरतात. घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा इथे घात करतो, कारण सुटलेलं आम्ल आतच कोंडतं. गंजलेला पत्र्याचा डबा त्याहून वाईट. डांबराच्या गोळ्या ठेवल्या असतील तर काढा.

तपासायला रंग बदलणाऱ्या आम्लदर्शक पट्ट्या मिळतात. डब्यात एक पट्टी टाकून चोवीस तास बंद ठेवायची. निळी राहिली तर ठीक, हिरवी झाली तर रोग लागला आहे, पिवळी झाली तर या महिन्यात स्कॅन करा. आम्लदर्शक पट्टी नसेल तर पोलादी मोजपट्टीने आखडणं मोजा. १६ मिमीच्या शंभर चौकटींची लांबी मुळात ७६२ मिमी असते. फिल्म उजेडाच्या काचेवर सैल, सपाट ठेवून शंभर भोकं मोजा. ७५६ भरली तर आखडणं सुमारे ०.८ टक्के, ७५४ भरली तर एक टक्का. तिथून पुढे दात्यांच्या कुठल्याही यंत्रात फिल्म घालायची नाही. ८ मिमीसाठी हेच माप ३८१ मिमी. दोन टक्क्यांपलीकडे गेलेली, पापडासारखी वाकलेली फिल्म हाताने उलगडायला जाऊ नका. तिला प्रयोगशाळेतच सैल करतात.

हाताळताना फक्त कडा धरा. टोक ओढून रीळ घट्ट करायचा मोह सगळ्यांना होतो, पण थर एकमेकांवर घासून लांब रेघा पडतात. बुरशी दिसली तर पाणी लावू नका, ओलं फडकंसुद्धा नाही. बुरशी जिलेटिन सोडवते आणि मग चित्र पाण्याबरोबर निघून येतं. कोरड्या मऊ मखमलीने अलगद पुसा, तेही कोरड्या हवेच्या दिवसांत. तुटलेल्या जागी घरातला सेलोटेप लावू नका. त्याचा डिंक पाझरतो आणि दहा वर्षांनी शेजारचे तीन थर चिकटतात. फिल्म जोडायची पट्टी वेगळी मिळते, तीच वापरा. दोन्ही टोकांना दोनेक मीटर कोरी फिल्म जोडली की पुढची सगळी झीज ती सोसते.

खोकं फेकू नका. कोडॅकच्या पिवळ्या खोक्यावर पत्ता, टपालाचा शिक्का, कधी धुलाईची तारीख असते. फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा खुणा असतात, त्या ती फिल्म कोणत्या वर्षी बनली ते सांगतात. पण खुणांचं चक्र दर वीस वर्षांनी फिरून येतं: १९३८ ची खूण आणि १९५८ ची खूण सारखीच. निवाडा चित्रावरून करायचा, आणि फिल्म बनल्यावर वर्षा-दोन वर्षांनीही वापरली जाई हे धरायचं. रंग असेल तर आणखी मदत होते. कोडॅक्रोम ही कोडॅकची रंगीत फिल्म १६ मिमीमध्ये १९३५ ला आली, ८ मिमीमध्ये १९३६ ला. सुरुवातीचे रंग टिकले नाहीत. १९३८ मध्ये धुलाईची पद्धत बदलल्यावर टिकाऊ झाले. तीसच्या दशकातलं रीळ असून रंग अजून चांगले असतील, तर ते दशकाच्या अगदी शेवटचं असण्याचा संभव जास्त.

स्कॅन करताना काय मागायचं

देणाऱ्याला चार गोष्टी आधीच विचारा. यंत्र दात्यांशिवाय चालतं का. दिवा थंड एलईडीचा आहे का. प्रत्येक चौकट वेगळी टिपली जाते का. आणि भोकांसकट, कडेच्या खुणांसकट पूर्ण रुंदी येते का. शेवटची गोष्ट नाकारली तर दुसरीकडे जा. चित्र कापून ‘स्वच्छ’ केलं की कडेचा माणूस आणि कडेची खूण दोन्ही गेली.

शंभर फुटांच्या १६ मिमी रिळात चार हजार चौकटी असतात. दोन हजार पिक्सेल रुंदीच्या डीपीएक्स फाइलला (यात प्रत्येक चौकटीची वेगळी फाइल असते) चौकटीमागे पावणेतेरा एमबी धरले तर एका रिळाचे ५१ जीबी होतात. हे जास्त वाटलं तर एफएफव्ही-वन या दोषरहित संकोचनाने फाइल बरीच लहान होते आणि काही हरवत नाही. नुसती एमपी-फोर घेऊन घरी येऊ नका, ती पाहण्यापुरती.

वेग हा सगळ्यांत जास्त होणारा घोटाळा. मूक १६ आणि ८ मिमी सेकंदाला १६ चौकटींनी चित्रित होई. चार हजार चौकटी म्हणजे चार मिनिटं दहा सेकंद. तेच २४ ने चालवलं तर पावणेतीन मिनिटांत संपतं आणि आजोबा तुरुतुरु पळतात. लोक त्याला जुन्या काळची गंमत समजून हसतात. ज्यांचं एवढंच काही उरलं आहे त्यांना हसण्याजोगं करून ठेवू नये. चावीच्या कॅमेऱ्यात स्प्रिंग सैल झाली की वेग थोडा घसरतो, म्हणून चालणाऱ्या माणसाचं पाऊल पाहून प्रत्येक तुकड्याचा वेग ठरवा. मूळ फाइलमध्ये मात्र चौकटी आहेत तशाच राहू द्या; वाढवायच्या नाहीत, गाळायच्या नाहीत.

चेहरे ‘सुधारून’ देणारी, कृष्णधवलात रंग भरणारी साधनं आता फोनवर आहेत. धूसर चेहऱ्यावर ती जे डोळे-नाक काढतात ते यंत्राने रचलेले असतात. ओळख पटवायच्या प्रतीवर हे करणं म्हणजे साक्षीदाराला चुकीचा फोटो दाखवणं.

नावं

नाशेल्स्कच्या तीन मिनिटांत दीडशेच्या आसपास चेहरे आहेत. नावं लागली ती मोजक्यांचीच. एका तेरा वर्षांच्या मुलाची ओळख पटली, कारण अमेरिकेत त्याच्या नातीने संग्रहालयाच्या संकेतस्थळावर चित्रण पाहताना आजोबांचा चेहरा ओळखला. आजोबा हयात होते, आणि मग त्यांच्याकडून शेजारी, दुकानं, सगळं एकेक करून उलगडलं. कुणाच्या डोक्यावर कुठली टोपी, यावरून मुलगा कुठल्या थरातला हे त्यांना सांगता आलं. बाकीचं ज्ञान चौकट थांबवून मिळालं: किराणा दुकानाच्या पाटीवरची पुसट अक्षरं, झाडांची जात, गुंड्यांची ठेवण.

बडोद्यात हेच करायचं असेल तर वृद्धांपुढे अख्खं रीळ चालवू नका. चित्र सरकतं, नजर पोचत नाही, आणि एकाने नाव घेतलं की बाकीचे माना डोलावतात. दहा-बारा चौकटी पोस्टकार्डाच्या दुप्पट आकारात छापा, एकेका माणसाला स्वतंत्र दाखवा, आणि ‘ही काकूच ना?’ असं विचारू नका. ‘हे कोण असेल?’ एवढंच पुरे. उत्तराबरोबर तीन गोष्टी टिपा: कोणी सांगितलं, कशावरून ओळखलं, किती खात्री. ‘ओळखत नाही, पण हा ओटा सुरसागरकाठच्या घराचा’ हेही उत्तर लिहून ठेवा. घरच्यांची नावं आधीच ठाऊक असतात. विचारायचं ते मागच्या बाईविषयी, गड्याविषयी, शेजारच्या मुलीविषयी, कारण त्यांच्या घरी कदाचित एकही फोटो नसेल.

ठेवायचं कुठे

स्कॅन झाल्यावर फिल्म फेकून देणारे लोक आहेत, हे वाचून दुःख होतं. फाइल दहा वर्षांत उघडेनाशी होऊ शकते. थंडीत ठेवलेली फिल्म त्यापेक्षा कितीतरी टिकते, आणि पुढे याहून चांगली यंत्रं येतात. डिसेंबर-जानेवारीच्या कोरड्या हवेत रीळ दोन-तीन दिवस उघड्या डब्यात राहू द्या, मग दोन घट्ट पिशव्यांत एकात एक बंद करून, आत आर्द्रता दाखवणारा कागद घालून फ्रिजमध्ये ठेवा. पावसाळ्यात पिशवी बांधली तर जुलैची ओल आत कोंडली जाते. बाहेर काढताना पूर्ण चोवीस तास पिशवी उघडायची नाही, नाही तर थंड फिल्मवर दव धरतं. आंबट वास आलेली रिळं चांगल्या रिळांपासून वेगळी ठेवा.

फाइलच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या गावी. घरी जमणार नसेल तर पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय किंवा मुंबईचं फिल्म हेरिटेज फाउंडेशन यांना विचारा. रिळात ज्यू कुटुंब असेल, मग ते बेने इस्राएल असो वा युरोपातून आलेलं, तर वॉशिंग्टनचं संग्रहालय आणि जेरुसलेमचं होलोकॉस्ट स्मारक याद वाशेम यांनाही कळवा. देण्याआधी लेखी ठरवून घ्या: मूळ रीळ कुणाच्या मालकीचं राहील, कुटुंबाला स्कॅनची पूर्ण प्रत मिळेल का, चित्रण संकेतस्थळावर सगळ्यांना खुलं राहील का. खुलं ठेवा असं आग्रहाने सांगा. नाशेल्स्कच्या आजोबांना नातीने शोधलं ते चित्रण खुलं होतं म्हणूनच. नावांचा कागद रिळाच्या डब्यात एक, फाइलसोबत एक, आणि ज्यांनी नावं सांगितली त्यांच्या घरी एक असा ठेवा.